‘कशावरही बोला’ असं पाहुण्यांना सांगू नका

पत्र

ताई, नमस्कार.

आमचं एक छोटं सामाजिक मंडळ आहे. सभासद 65, दर महिन्याच्या बैठकीला येणारे पस्तीस-चाळीस. बहुतेक जण साठीच्या पुढचे, काही माझ्यासारखे चाळिशीतले. या वर्षापासून कार्यवाहपद माझ्याकडे आलं आहे. बैठकीत पाहुण्यांचं व्याख्यान ठेवायचं हा आमचा जुना शिरस्ता.

गेल्या महिन्यात एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी आले होते. मी फोनवर त्यांना म्हटलं होतं, “सर, विषय तुमच्या आवडीचा, वेळ तुमच्या सोयीनं.” ते 95 मिनिटं बोलले. बालपण, शिक्षण, नेमणुका, बदल्या, पुरस्कार. मध्ये दहाएक मिनिटं त्यांनी एका पुराच्या रात्रीबद्दल सांगितलं, तेव्हा सभागृह अगदी स्तब्ध होतं. बाकी वेळ लोक घड्याळ बघत होते आणि मागच्या दोन रांगा हळूहळू रिकाम्या झाल्या. आमचे अध्यक्ष वयानं मोठे, पण त्यांनाही थांबवायचा धीर झाला नाही. त्याच्या आदल्या महिन्यातले वक्ते पाऊण तास उशिरा आले. त्याआधी आरोग्यावर बोलायला आलेल्या बाईंनी शेवटी फॉर्म वाटले आणि एक योजना विकायला सुरुवात केली.

आता सभासद म्हणतात, भाषणं बंद करा, गप्पा आणि गाणी ठेवा. मला ते पटत नाही, पण त्यांना काय उत्तर देऊ? आणि बोलणाऱ्या ज्येष्ठ माणसाला मध्येच थांबवायचं कसं? त्या अधिकाऱ्यांचा परवा फोन आला होता, “कार्यक्रम लोकांना कसा वाटला?” मी कामात आहे असं सांगून फोन ठेवला. अजून उलट फोन केलेला नाही.

एक कार्यवाह

उत्तर

नमस्कार. भाषणं बंद करू नका. पण मागच्या रांगांतून उठून गेलेल्यांवर रागावूही नका. संध्याकाळचा वेळ काढून, घरातली कामं आवरून ती माणसं आली होती. त्यांच्या वेळेची काळजी कुणीच घेतली नाही, म्हणून ती निघून गेली.

मी स्वतः अकरा वर्षं एका मंडळाचा मासिक कार्यक्रम सांभाळला आहे. तुमच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टी माझ्या बाबतीत घडल्या आहेत आणि पहिली दोन वर्षं मीही सगळा दोष वक्त्यांच्या माथी मारत होते. तुमच्या पत्रात मला एकच वाक्य खटकलं, तेवढं सांगते. “विषय तुमच्या आवडीचा, वेळ तुमच्या सोयीनं.” आपल्याला वाटतं, हे आदरानं बोललो. पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. समोर कोण बसणार आहे, त्यांना काय माहीत आहे, काय अडलंय, किती वेळ ते बसू शकतात, यातलं काही कळलं नाही तर माणूस आपल्याजवळ जे तयार असतं तेच घेऊन येतो. आणि प्रत्येकाजवळ कायम तयार असलेला विषय एकच, स्वतःचं आयुष्य. ते अधिकारी बालपणापासून सुरू झाले, कारण दुसरं कुठून सुरू करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा वक्त्याच्या नावापासून सुरुवात करू नका. आपण समितीत बसतो आणि ‘कुणाला बोलवायचं?’ असं विचारतो. मग कुणाच्या तरी ओळखीचं मोठं नाव निघतं, आणि ते नाव काय बोलणार हा प्रश्न बाजूलाच राहतो. त्याऐवजी पुढच्या बैठकीत प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि लिहायला सांगा, ‘गेल्या महिनाभरात मला कशात अडायला झालं?’ कोणता वक्ता हवा, हे विचारू नका. ते विचारलं की पुन्हा नावंच येतात. अडलेलं विचारलं की चिठ्ठ्या निराळ्या येतात. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. श्रवणयंत्र घेतलं, पण ते कपाटात पडून आहे. बँकेतून बोलतोय म्हणणारा फोन खरा की खोटा, कसं ओळखायचं. नातवाशी काय बोलावं कळत नाही. जुने फोटो पिवळे पडत चाललेत, ते वाचवायचे कसे. चाळीस चिठ्ठ्यांतून वर्षभराचे विषय निघतात, आणि त्यातला एकही ‘आनंदी जीवनाची गुरुकिल्ली’ असा नसतो.

विषय नेमका करण्यात थोडी मेहनत आहे, ती टाळू नका. ‘झोप आणि आरोग्य’ म्हटलं की डॉक्टर कुठल्याही पुस्तकात सापडेल असं काहीतरी सांगतात. ‘पहाटे जाग आल्यावर पडून राहायचं की उठायचं, आणि गोळीबद्दल कधी विचारायचं’ असं म्हटलं की त्यांना त्यांचे रुग्ण आठवायला लागतात. वक्ता एकच, पण दोन्ही संध्याकाळी अगदी वेगळ्या होतात.

विषय ठरला की बाहेर फोन लावण्याआधी आपल्याच सभासदांकडे बघा. यावर मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मंडळं सगळ्यात जास्त इथे चुकतात असं माझं मत आहे.

आमच्याकडे एक काका होते. नऊ वर्षं शेवटच्या रांगेत बसायचे, वर्गणी वेळेवर भरायचे, कधी काही बोलायचे नाहीत. एकदा आमच्या चिठ्ठ्यांत तिघींनी एकच गोष्ट लिहिली होती, की लिफ्टमध्ये एकटीनं जायची भीती वाटते. मी एखादा अभियंता शोधत होते. तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, अहो, काका आयुष्यभर लिफ्टच दुरुस्त करत होते. मी त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, “मला भाषण येत नाही.” मी म्हटलं, भाषण नकोच. मी शेजारी खुर्ची टाकून बसते, प्रश्न मी विचारते, तुम्ही फक्त उत्तरं द्या.

पहिलाच प्रश्न होता, दोर तुटला तर? काका म्हणाले, दोर एक नसतो, कित्येक पोलादी दोर असतात. आणि लिफ्टचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खालची पकड बाजूच्या रुळांना आवळते आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते. एलिशा ओटिस नावाच्या माणसानं 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात अशाच सुरक्षा-पकडीच्या फळीवर स्वतः उभं राहून सगळ्यांसमोर दोर कापायला लावला होता, हेही त्यांनी सांगितलं. मग वीज गेली तर? तर ब्रेक लागतो, काका म्हणाले. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरानं कायम आवळलेला असतो, वीज तो उघडून धरते. वीज गेली की तो आपोआप बसतो. यानंतर त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या आजही लक्षात आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन असतं, ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. लिफ्टचं स्वतःचं वजन आणि वर तिला पेलायच्या ओझ्याचा जवळपास निम्मा भाग, इतकं. म्हणजे रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला तर ती खाली कोसळणार नाही, वर जाईल. हे ऐकून सभागृहात एकदम गलका झाला. लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम होता, पण लोक त्यांना सोडेचनात. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी एक बाई दुसऱ्या दिवशी एकटीनं सातव्या मजल्यावर गेल्या आणि तिथून त्यांनी काकांना फोन केला.

नऊ वर्षं ते आमच्यात बसले होते आणि आम्ही दर महिन्याला बाहेर वक्ते शोधत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या 65 जणांत कोण काय करत होतं याची एक वही करा. नोकरीचं पद लिहू नका, हातानं काय केलं ते लिहा. ‘बँक अधिकारी’ यातून काही कळत नाही. ‘बनावट सह्या ओळखायचे’ यातून एक संध्याकाळ मिळते. आणि ज्यांना भाषणाची सवय नाही त्यांना व्यासपीठावर एकटं उभं करू नका. मुलाखत ठेवा. चांगला प्रश्न विचारणारा माणूस सोबत असेल तर न बोलणारी माणसंही फार सुंदर बोलतात, आणि लांबण लागली तर सूत्रं तुमच्याच हातात असतात.

आता बाहेरच्या पाहुण्यांबद्दल. फोनवर बोलणं झालं तरी त्यानंतर लेखी निमंत्रण पाठवाच, मोबाइलवर पाठवलं तरी चालेल. त्यात सांगा की साधारण चाळीस माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. त्यांनी विचारलेले चार प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून द्या. बोलायला 30 मिनिटं, मग प्रश्नोत्तरांना 20 मिनिटं, असं आकड्यांत लिहा. मानधन देणार असाल तर किती, नसाल तर देऊ शकत नाही, आणि येण्याजाण्याची सोय कोण करणार, हे स्पष्ट लिहा. मानधनाचा विषय काढायला आपण संकोचतो आणि पाहुणाही संकोचतो, मग तो घरी जाईपर्यंत मनात प्रश्न घेऊन बसतो. ते त्याच्यावर लादू नका. शेवटी एक ओळ, ‘आमच्या व्यासपीठावरून कोणतीही वस्तू, योजना किंवा सेवा विकता येत नाही आणि सभासदांचे फोन नंबर घेता येत नाहीत.’ प्रत्येकालाच हीच ओळ जात असली की कुणाचा अपमान होत नाही. त्या आरोग्यवाल्या बाईंच्या बाबतीत यापुढे इतकंच पुरे आहे. मात्र त्या दिवशी कुणी फॉर्म भरून दिले असतील तर त्या सभासदांना स्वतः फोन करून सांगा की ही योजना मंडळानं सुचवलेली नाही. हे या आठवड्यातच करा.

आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा फोन करा. पडद्यावर काही दाखवणार असतील तर फाइल आदल्या दिवशीच मागवा, आणि पीडीएफ करून मागवा. दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की मराठी फॉन्टच्या जागी चौकोन दिसतात, आणि मग पहिली दहा मिनिटं सगळे वायरींशी झटापट करत बसतात.

उशिरा येणाऱ्यांवर माझ्याकडे रामबाण उपाय नाही, कारण काही वेळा माणूस खरंच अडकतो. पण एका सभासदाचं पंधरा मिनिटांचं काहीतरी कायम राखीव ठेवा. एखाद्या प्रवासाचे फोटो, एखाद्या छंदाची ओळख. वेळ झाली की ते सुरू करा. पाहुणे आले नाहीत तरी बैठक वेळेवर सुरू होते, हे दोनतीनदा दिसलं की सभासदही वेळेवर यायला लागतात.

वेळेच्या बाबतीत आधी आपलं घर तपासा. तुमच्याकडे व्याख्यान नेमकं कधी सुरू होतं? मागच्या सभेचा वृत्तांत, वाढदिवसांच्या शुभेच्छा, सूचना, अध्यक्षांचे दोन शब्द, सत्कार, आणि मग पाहुण्यांचा परिचय, असं सगळं आधी होत असेल तर पाहुणे माइकसमोर येईपर्यंत लोकांची तासभर बसायची ताकद संपलेली असते. पाहुण्यांना सगळ्यात आधी घ्या. मंडळाचं कामकाज नंतर. परिचय दोन वाक्यांचा असू दे, नाव आणि आजच्या विषयाशी त्यांचा संबंध. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात सुरू केलेली शुक्रवारची व्याख्यानं आजही चालतात. तिथली परंपरा अशी की घड्याळाचा ठोका पडला की वक्ता आत येतो आणि परिचयावाचून थेट विषयालाच हात घालतो. तासाभरानं ठोका पडला की थांबतो. फॅरडेनं तर 1813 मध्ये, एकविसाव्या वर्षी, मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यानं कशी असावीत याचा विचार केला होता. एक तास कुणालाही पुरे, असं त्याचं मत होतं. इंटरनेटवर जगभर पाहिल्या जाणाऱ्या टेडच्या व्याख्यानांना 18 मिनिटांची मर्यादा असते. भाषणाचा सराव करायला लोक जिथे जमतात त्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो, आणि तो सगळ्यांना सारखाच लागतो, कितीही मोठा वक्ता असो. वेळ पाळायला लावणं हा उद्धटपणा आहे ही भीती मनातून काढून टाका. ज्यांनी बोलण्याची कला आयुष्यभर जोपासली, त्यांनीच हे नियम घालून घेतले आहेत.

तुम्ही विचारलंय, मध्येच थांबवायचं कसं. आधी ठरवलेलं असेल तर थांबवावं लागत नाही, नुसती आठवण करावी लागते. कार्यक्रमाआधी पाहुण्यांना भेटा आणि विचारा, “पाच मिनिटं उरली की मी पहिल्या रांगेतून हे पिवळं कार्ड दाखवीन, चालेल ना?” कुणीही नाही म्हणत नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं, कारण बोलणाऱ्याला वेळेचा अंदाज खरंच येत नाही. कार्डाकडे लक्ष गेलं नाही तर अध्यक्षांनी शांतपणे उठून व्यासपीठावर वक्त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. बोलायचं काहीच नाही. नव्वद टक्के वेळा एवढ्यानं भागतं, हा माझा अनुभव. तरीही नाही भागलं, तर वाक्य संपल्यावर अध्यक्षांनी म्हणायचं, “सर, आत्ता तुम्ही जे सांगितलंत त्यावर लोकांच्या मनात बरेच प्रश्न आहेत. ते घेऊ या का?” हे काम अध्यक्षांचंच. तुम्ही वयानं लहान आहात, तुमच्यावर ते ढकलू देऊ नका. समितीच्या बैठकीत तसा ठराव करून घ्या.

एका गोष्टीकडे मात्र तुमच्या पत्रात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसलं नाही. लोकांना ऐकू येत होतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीच्या पुढच्या चारांपैकी एकाहून अधिक जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं. तुमच्या चाळिसांत असे सात-आठ जण सहज असतील, आणि त्यातले बहुतेक ते कुणाला सांगत नसतील. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्यात हरवतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत. असा माणूस अर्धा तास कान देऊन ऐकतो, थकतो आणि डुलक्या घ्यायला लागतो. आपल्याला वाटतं, कंटाळला.

तेव्हा सभागृह लहान असलं तरी माइक वापराच. “माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको,” असं पाहुणे म्हणाले तरी नम्रपणे हातात द्या. आवाज मोठा असला तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतातच असं नाही. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा, माइक स्पीकरसमोर आला की ती कर्कश शिट्टी वाजते. वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, मागे उघडी खिडकी नको. कमी ऐकू येणारे ओठांकडे बघून बरंच समजून घेतात. पंखा डोक्यावर घरघरत असेल तर त्याच्या खालची रांग सरकवा. खुर्च्या चाळीस माणसांना साठ मांडू नका, पस्तीस अर्धवर्तुळात मांडा आणि पाच भिंतीशी ठेवा. माणसं जवळ बसली की बोलणाराही जवळिकीनं बोलतो.

प्रश्नोत्तरं हा माझ्या मते संध्याकाळचा खरा गाभा आहे, आणि आपण तिथेच घाई करतो. “काही प्रश्न?” असं विचारतो, एक क्षण शांतता, आणि लगेच आभारप्रदर्शन. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1970 च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला लागले, तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तुमच्या सभागृहात तर दहा सेकंद थांबा. मनातल्या मनात आकडे मोजा.

पहिला प्रश्न कुणाला द्यायचा, हेही ठरवून ठेवा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 देशांतल्या 35 संस्थांमधली जवळपास 250 चर्चासत्रं पाहिली गेली. तिथे पहिला प्रश्न पुरुषानं विचारला की त्यानंतर स्त्रियांचे प्रश्न कमी येतात, असं दिसलं. ती विद्यापीठं होती, पण आपल्या मंडळांत याहून वेगळं चित्र मी तरी पाहिलेलं नाही. पहिले दोन्ही प्रश्न नेहमीचेच काका विचारतात, आणि तेही प्रश्न कमी, भाषण जास्त. पहिला प्रश्न एखाद्या बाईंना किंवा कधीच न बोलणाऱ्या सभासदाला आधीच सांगून ठेवा. उभं राहून बोलायला लाजणाऱ्यांसाठी कोरे कागद फिरवा आणि तुम्ही वाचून दाखवा. प्रश्न माइकवर पुन्हा एकदा सांगा, कारण मागच्यांना तो ऐकूच आलेला नसतो.

आणि हो, गाणी आणि गप्पा मागणारे सभासद चुकीचं काही मागत नाहीत. बारा महिने बारा व्याख्यानं असलीच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? सात-आठ ठेवा, बाकीचे महिने त्यांना द्या. वक्ता मिळाला नाही म्हणून ऐनवेळी कुणालातरी उभं करण्यापेक्षा त्या संध्याकाळी गाणी झालेली फार बरी. व्याख्यानं कमी झाली की तुम्हालाही प्रत्येकावर मेहनत घेता येईल. हे सभासदांना असंच सांगा, मग वाद होणार नाही.

कार्यक्रमाची टिपणं कुणीतरी ठेवावीत, हा माझा हट्ट आहे. एखाद्या तरुण सभासदाला हे काम द्या. 1812 मध्ये पुस्तकं बांधायला शिकणाऱ्या एका तरुणाला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकानं हंफ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं ती चार व्याख्यानं ऐकली, नीटनेटकी उतरवून काढली, त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. पुढच्या वर्षी डेव्हींनी त्याला मदतनीस म्हणून घेतलं. वर ज्या फॅरडेबद्दल लिहिलं, तो हाच मुलगा. म्हणून भिंतीशी ठेवलेल्या त्या पाच खुर्च्या दर महिन्याला बाहेरच्या तरुण मुलामुलींसाठी ठेवा, सभासद नसले तरी.

आता तो राहिलेला फोन. उद्या करा, अजून लांबवू नका. त्यांनी विचारलं, कारण त्यांनाही रिकाम्या होणाऱ्या रांगा दिसल्या असणार. व्यासपीठावरून सगळं दिसतं. ‘छान झाला, सगळ्यांना आवडला’ असं खोटं सांगू नका, आणि लोक उठून गेले हेही त्यांना ऐकवू नका. चूक आपली होती, ती आधी कबूल करा. मी असा फोन केला असता तर साधारण असं म्हटलं असतं:

“सर, परवा नीट बोलता आलं नाही, माफ करा. खरं सांगायचं तर मी तुम्हाला ना विषय सांगितला होता ना वेळ, त्यामुळे कार्यक्रम लांबला आणि लोक थकले. ती चूक माझी. पण तुम्ही त्या पुराच्या रात्रीबद्दल बोललात ना, तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून ऐकत होतं. त्या रात्री निर्णय कसे घेतलेत, पहिली बातमी कुणी दिली, कुणाचं ऐकलंत, काय चुकलं, हे आम्हाला नीट ऐकायचंय. फक्त ती एक रात्र. तीस मिनिटं तुम्ही बोला, नंतर वीस मिनिटं आम्ही विचारू. याल का?”